कंपनीचा रंग

…लावा, लावा, बॉनेटला लावा तुमचं ते मीटर, छपराला लावा, बंपर तेवढा सोडा – तो प्लास्टिकचा आहे, तिथं लावलंत तर मीटरचीच शोभा व्हायची. बिनधास्त बघा. गाडी माझ्या जावयाची, गॅरेज माझं, आणि जावयाला यायला अजून अर्धा तास आहे – म्हणजे सव्वा तास, सहा वर्षं ओळखतो मी त्याला. तोवर तुम्ही गाडीची नाडी तपासा. मला एवढंच सांगायला सांगितलंय की गाडीला रंग दिलेला नाही, नुसतं पॉलिश मारलंय. सांगितलं. संपलं माझं काम. मुलीनंही सकाळी बजावलंय – बाबा, एवढं एक वाक्य बोला आणि पुढं तोंड उघडू नका, गाडी एकदाची जाऊ द्या. म्हणून मी गप्पच बसणार आहे.

नाही, राग तुमचा नाही हो. राग त्या मीटरच्या डबीचा – आणि तुमचाही थोडा, का खोटं बोलू. चाळीस वर्षं गाड्या रंगवतोय मी. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, गाडीभोवती फिरायचं, डोळे बारीक करायचं, हात फिरवायचं. आता येतं ते डबी घेऊन. रंगाची जाडी मोजतं! माणसाची परीक्षा कातडी किती जाड आहे त्यावर करायची झाली, तर आमच्या घरात पहिला नंबर कुणाचा येईल ते मी सांगत नाही. आणि जाडी जास्त निघाली की संपलंच – रंग दिलाय? म्हणजे ठोकली असणार! असे मागं सरकतात, जसा काही गाडीला गोवर निघालाय. अहो, केसांना कलप लावला म्हणजे माणसानं खून केलेला असतो का?

परवा एक जण आला, अशीच दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी. म्हणे, पिवळी करून द्या, किती पडतील? मी आकडा सांगितला. म्हणाला, एवढ्यात एक साधी गाडी येते. म्हटलं, मग तीच घ्या, पिवळीच घ्या. यांना वाटतं रंग म्हणजे नुसता फवारा – फुस्स फुस्स केलं की झालं. दारं उतरवा, काचा काढा, रबरं काढा, जुना रंग घासा, प्रायमर, त्यावर रंगाचे तीन हात, त्यावर क्लिअर, मग वाळवा, मग परत घासा – दीड महिना जातो. त्याला हवं होतं नुसतं बाहेरून. दार उघडलं की आत काळी! आणि एवढं करून विकायला काढली की किंमत वाढते? छे! चौथा हिस्सा उडतो. पैसा ओतून किंमत कमी करून घ्यायचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. आहे एक, मुलीचं लग्न. जाऊ द्या.

किती आलं? एकशे अठरा मायक्रॉन. दाराचं? एकशे सोळा. बरोबर आहे. कंपनीतून गाडी निघते तीच शंभर-सव्वाशेवर. जुन्यावर नवा मारला असता तर अडीचशे-तीनशे दाखवलं असतं, पुट्टी भरली असती तर हजार. झालं समाधान? घ्या लिहून. बसा त्या स्टुलावर, पुसलेलं आहे.

काय म्हणालात?

नाही, ऐकलं मी. तरी परत म्हणा. ‘कंपनीच्या रंगाची सर कशालाच नाही.’ बरं. आणि पुढचं? ‘हातानं रंगवणाऱ्याला असं सात जन्मांत जमायचं नाही.’ असं. हो. बरोबर आहे तुमचं. मशीन ते मशीन. आम्ही आपले फडकी घेऊन बसलेले लोक. सात जन्म म्हणजे जरा जास्तच होतात, पण असो. मी गप्प बसणार होतो.

वाका जरा. इकडं या, या दारापाशी, आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. कडा किंचित थरथरते, दिसतेय? संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक दाणे. ही खोड आहे, कंपनीच्या रंगाची खोड! त्यांच्या मशीनला रंग आरशासारखा सपाट करता येत नाही. मला येतो. मला आरसा करता येतो, आणि तरी ही खोड मी मुद्दाम घातली – मुद्दाम! चौदा पत्रे रंगवून फुकट घालवले त्यासाठी. हवेचा दाब कमी कर, जास्त कर, बंदूक एक वीत मागं ने, परत पुढं आण, तेव्हा कुठं त्या मशीनइतकं वाईट काम जमलं. चंदेरी रंग म्हणजे आधीच द्वाड, एका दाराला मारला तर शेजारचा पत्रा परका दिसतो. म्हणून सगळी गाडी पत्र्यापर्यंत खरवडली. सगळी! हातानं, आणि प्रत्येक थर मोजून. डबी माझ्याकडेही आहे, साहेब, त्या कपाटात. तुमचा एकशे अठरा माझा आहे. सात जन्म म्हणे! पंचावन्न दिवस लागले.

हां, आता कसे ताठ उभे राहिलात.

हो, ठोकलेली. पुट्टीचा कण नाही त्यात, हे दार नऊ दिवस ठोकून ठोकून सरळ केलंय मी, आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडी, नुसत्या तळव्याला कळतं कुठं उंच, कुठं खोल. हे, हे बाजूच्या सीटचं दार. चालवणाऱ्याच्या अंगाला ओरखडा नाही. आणि पत्रा आत कुठवर आला होता माहीत आहे? इथपर्यंत. बसलेल्या माणसाचं कोपर जिथं असतं तिथपर्यंत. ही गाडी इथं यायच्या पंधरा दिवस आधी मुलगी हात गळ्यात बांधून आली होती घरी. म्हणाली, बाबा, जिन्यावरून घसरले. जावईबापू शेजारी मान हलवत होते, जिना फार वाईट आहे म्हणून. मी तिला रबराच्या चपला आणून दिल्या. खरंच दिल्या! आणि मग गाडी आली इथं, ताडपत्री घालून, आणि मी ताडपत्री काढली. पत्रा खोटं बोलत नाही हो, किती वेगानं, कुठून, सगळं सांगतो. कोपऱ्यावरच्या भिंतीला घासत नेली असणार, कुणाला तरी दाखवायला की बघा कशी पळते. तिची मूठ अजून पुरती मिटत नाही. कणीक मळता येत नाही, पेन धरता येत नाही, आणि ती मला म्हणते, त्यांना काही बोलू नका.

तर नाही बोललो. दार सरळ केलं. जन्मात केलं नसेल असं काम केलं, कुणाला शंका यायला नको म्हणून – आणि ते काम कुणाचं? कंपनीचं! वा.

अहो, कुठं निघालात? थांबा. किल्ली का ठेवलीत तिथं? हे बघा, गाडी चांगली आहे. खरंच चांगली आहे. सांगाडा सरळ आहे, मी स्वतः मोजलाय. किंमत पाडून मागा – मी सांगतो, चौथा हिस्सा कमी करा, तिसरा करा, तो देईल, त्याला नवी घ्यायची घाई… नवी. हो. नवी घ्यायचीय त्याला, याहून पळणारी. ते तुम्हाला कशाला सांगतोय मी. पण ही तरी घेऊन जा. नाही गेली तर रविवारी परत काढेल तो, आणि तिला बसवेल शेजारी. ती बसते हो, नाही म्हणत नाही.

नाही? ‘विचार करून कळवतो’? कळलं. रंगाला तुम्ही भ्यालात आणि दाराबद्दल एक शब्द विचारला नाहीत. बरोबर आहे, तुम्ही गाडी घ्यायला आलात, माझी मुलगी बघायला नाही. जा.

वाटेत जावई भेटलाच तर सांगा, रंग अजून ओला आहे. म्हणावं, सासऱ्यानं परत कामाला घेतलीय. हा रंग वाळायला वेळ लागतो – चार वर्षं, पाच वर्षं, हवेवर असतं. दारं उतरवून ठेवतोय मी, दोन्ही. स्टिअरिंगही काढून कपाटात ठेवतो, रंग उडतो त्यावर. त्याला काय कळतंय रंगातलं.

आता जाता जाता तुमच्या पायाशी पाना पडलाय, तेवढा द्या इकडं. तो नाही. त्याच्या शेजारचा.