तिसरी खाच

मुलगा : …आणि हा चौथा बोल्ट. जरा ओढला की मुंडकंच हातात येतं. आप्पा, आजोबांनी गाडी घेतली तेव्हा पोलादाची होती की बिस्किटाची?

आप्पा : जोर करू नकोस. गंजलेल्या नटाला तेल पाजायचं, थांबायचं, परत पाजायचं. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. तू नुसता झोंबतोयस त्याला.

मुलगा : चार दिवस पाजतोय. दारं सुटली, मडगार्ड सुटलं. ही ड्रायव्हरची सीट तेवढी रुळाला धरून बसलीय. कापूनच काढतो आता.

आई : कापू नकोस.

मुलगा : आई? तू कधी आलीस?

आई : मघाशीच. चहा गार झाला तुमचा. कापू नकोस म्हणते.

मुलगा : अगं, सीट निघाल्याशिवाय खालचा पत्रा कसा बदलू? पार चाळणी झालीय. आप्पांना यातून फिरवायचं तर बूड नको का शाबूत? पण आप्पा, एक सांगा. सीट पार पुढे, तिसऱ्या खाचेत गंजलीय. तुम्ही सहा फुटी माणूस. इथे बसलात तर गुडघे हनुवटीला लागतील.

आप्पा : उंदरांनी सरकवली असेल.

मुलगा : उंदरांनी.

आप्पा : बावीस वर्षं शेडमध्ये आहे. घुशीही असतील.

मुलगा : शेवटची तुम्हीच चालवलीत ना? दिसेनासं झालं, फाटकाच्या खांबाला धडकलात आणि किल्ली खिळ्याला टांगलीत. लहानपणापासून हेच ऐकतोय मी.

आप्पा : मग तेच खरं. पान्हा उचल.

आई : पुरे झालं. अजून किती वर्षं पांघरूण घालाल? खांबाला मी धडकले रे. डॉक्टरांनी यांची गाडी बंद केली, तेव्हा हे म्हणाले, आता तू शीक. सीट पुढे घेतली, तरी पाय पोचेनात. मग पाठीला उशी लावली. पाचव्या दिवशी ब्रेक समजून भलतंच दाबलं.

आप्पा : खांबही नको तिथे होता.

आई : बघ, अजून खांबालाच दोष. तेव्हाही घरादाराला सांगितलं, माझ्या हातून झालं. आणि मी मात्र परत गाडीत पाऊल ठेवलं नाही. भ्याले.

मुलगा : मग आप्पा, सीट मागे नाही घेतलीत?

आप्पा : कशाला? ही परत बसायला आली असती, तर पुन्हा सरकवत बसा.

आई : बावीस वर्षं वाट बघायची?

आप्पा : मला कुठे दिसत होतं किती झाली ते.

(बराच वेळ नुसती पान्ह्याची कुरकुर.)

मुलगा : निघाली. न कापता निघाली. आप्पा, जिंकलात. आता पत्रा बदलला की सीट हवी तिथे बसवता येईल. चालवणार मी, म्हणजे मागच्या खाचेत…

आई : तिसऱ्या खाचेत बसव.

मुलगा : नक्की?

आई : उशी माझी मी आणेन. अहो, शेजारी बसाल ना?

आप्पा : बसेन की. पण डावा पाय कशावर, आठवतंय का?

आई : क्लचवर. रोज भाजी चिरताना मनात चालवतेच की मी.