पुढच्या चाकांचा शाफ्ट

सांगा बघू, माणसानं विश्वास कोणावर ठेवायचा? लबाडावर नजर तरी ठेवता येते, पण आपलं भलं करायला निघालेल्यावर कशी ठेवणार?

लष्कराच्या लिलावातला जुना, चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारा फोर-व्हील ट्रक घेऊन मला लेहला जायचं होतं. बोईसरच्या हरी मिस्त्रीनं दोन वर्षं खपून त्यात झोपायचे बाक, पाण्याची टाकी, सगळं बसवलं. निघण्याआधी चाचणी म्हणून आम्ही दोघांनी तो ओहोटीला वैतरणा खाडीच्या चिखलात घातला. मागची चाकं रुतली. मी फोर-व्हीलचा दांडा ओढला, तरी पुढची चाकं ढिम्म!

"हरी, पुढची का फिरत नाहीत रे?"

"कशी फिरतील शेट? त्यांना फिरवणारा शाफ्ट मी कदीच काडला. रोडवर उगाच फिरायचा, डिझेल खायचा."

"मला विचारलंस?"

"तुमच्या फायद्याचं काय इचारायचं? घरी तेल लावून जपून ठेवलाय."

तेवढ्यात भरती लागली. बघता बघता खारं पाणी इंजिनात शिरलं आणि आमचं लेह तिथंच बुडालं. हरी काठावर उभा राहून रडत होता. त्याला शिव्या तरी काय घालणार?

तुम्ही कधी गाडी बांधायला घेतलीत, तर काय बसवलं ते लिहालच. पण काय काढलं, त्याचाही हिशोब तेवढा खरा ठेवा.