खुंट्यांच्या आत

कडूबाई : मी न्हाई पाहिल्या तुझ्या खुंट्या. शेळ्यांनी पाडल्या आसतील.

शमुवेल : मावशी, शेळी खुंटी पाडेल. उपटून शेजारच्या रानाच्या चार कोपऱ्यांवर ठोकेल का?

कडूबाई : मला काय ठावं! आदी सांग, हे तलावावर चाललंय काय?

शमुवेल : तीनदा सांगितलं. हिवाळ्यात इथं लांबची पाखरं येतात. ती बघायला नगरहून, पुण्याहून माणसं येतात. त्यांना सावली नाही, प्यायला पाणी नाही. म्हणून सरकारी खातं सोय करतंय. शेड, बाकडी, पाण्याची टाकी, दोन संडास.

कडूबाई : दोन! आख्ख्या गावात एक न्हाई, आन् बदकं बघनाऱ्याला दोन?

शमुवेल : एक बायांना.

कडूबाई : ग्वाड बोलू नगंस. दुष्काळात ह्यो तलाव ठणठणीत हुता, मी हितंच खडी फोडली. तवा न्हाई आलं कुनी सोय कराया. धरनाच्या येळंला बी आसंच, "नुसतं मोजतोय बाई". त्या मोजन्यात माझं माहेर पान्यात गेलं.

शमुवेल : मी साधा मुकादम, मावशी. इथलाच.

कडूबाई : पगार त्यांचाच खातूस न्हवं?

शमुवेल : खातो. पण परवा मी खुंट्या तुमच्या हरभऱ्याला ठोकल्या होत्या. आज त्या तुमच्या दिराच्या गव्हाला आहेत.

कडूबाई : व्हय, मीच हलवल्या! काल तू भाकर खायला गेल्तास तवा. गोरक्षाची वर हिरीवर बागाईत हाय. माझ्याकडं ह्यो गाळच. पानी मागं सरलं की पेरायचं, चढायच्या आत काढायचं. हे गेलं तर मी आन् माझी पोरगी काय माती खायची?

शमुवेल : पण खुंट्या कशाच्या वाटल्या तुम्हाला?

कडूबाई : घ्यायच्या! खुंटी ठोकली की जमीन गेली.

शमुवेल : अहो, त्या सोडायच्या होत्या!

कडूबाई : आं?

शमुवेल : शेड तुमच्या नाहीतर तुमच्या दिराच्या, दोनातल्या एका तुकड्यावर होणार. साहेब म्हणाले, "जो सोडायचा त्याला खुंट्या मार." तुम्हाला दुसरा आधार नाही म्हणून मी तुमच्या तुकड्याला मारल्या.

कडूबाई : खोटं! तुला काय पडलीय माझी?

शमुवेल : खडीवर दीना होती तुमच्या शेजारी. उन्हानं पडली तेव्हा तिच्या वाटची खडी तुम्ही फोडली. आई आहे ती माझी.

कडूबाई : दीनाचा तू? आरं द्येवा! मंग आदी न्हाई का सांगायचं?

शमुवेल : गावात भांडण नको म्हणून गप्प राहिलो. काल जेवून तसाच मी सिमेंट आणायला राहुरीला गेलो, मागं साहेब जीपमधून आले, खुंट्या पाहिल्या आणि नकाशावर सही करून गेले.

कडूबाई : मंग पळ की! चुकलं म्हनावं.

शमुवेल : जातो. पण ते गोरक्षनाथाला बोलावतील. खुंट्या कुणी हलवल्या ते त्याच्यासमोर सांगावं लागेल.

कडूबाई : त्याच्यासमूर? औंदा सोताचं रान तसंच ठिवून त्यानं आदी माझं पेरून दिलं रे. आन् मी खुंट्या त्याच्या गव्हात नेऊन ठोकल्या. कोन्या तोंडानं सांगू? लई लाज वाटती बाबा.

(गोरक्षनाथ बैल घेऊन येतो.)

गोरक्षनाथ : शमुवेल, माझ्या गव्हाला खुंट्या रं कशापायी? माझं गेलं का काय?

शमुवेल : तसं नाही. म्हणजे... मावशी, सांगू?

गोरक्षनाथ : इचारतू काय तिला? गेलं आसंल तर जाऊ दे. वैनीचं ऱ्हायलं न्हवं? आमची कारभारीन मनकर्णा कालच म्हनली, एकाचं जानारच आसंल तर आपलं जावं.

शमुवेल : मावशी?

कडूबाई : तुझं ऱ्हायलं, गोरक्षा. माझं गेलं. खुंट्या बरूबर हायती, शमुवेल, सायबाकडं जाऊ नगंस.

गोरक्षनाथ : आगं पर वैनी...

कडूबाई : फकस्त हरभऱ्याचं घाटे भरस्तोवर थांबतील का ती पाखरंवाली, तेवढं इचार.