नीलम्मा मावशींची शेळी

लॉकडाऊनमध्ये उमरग्याच्या रेशन दुकानापुढं चुन्याच्या गोलात नीलम्मा मावशी तोंडाला पदर गुंडाळून उभ्या होत्या. मागच्या गोलांत त्यांच्याच गल्लीतले शंभुलिंग आणि गौरीशंकर होते. पदरामुळं त्यांनी मावशींना ओळखलं नव्हतं.

"शंभू, आज फिरायला गेलतास का?"

"गेलतो की, पार हायवेपर्यंत. पोलिसानं अडवलं. म्हटलं, साहेब, शेळी चारतोय. सोडलं."

"मग उद्या सकाळी शेळी मला. साखर वाढलीय, डॉक्टर म्हणतेत चालणं थांबवू नका."

"उद्या सकाळी मास्तरांची पाळी हाय. संध्याकाळी आमची बायको."

"दुपारी?"

"दुपारी बँकेतले साहेब. ते तर पळतेत."

"शेळी घेऊन?"

"व्हय. काल शेळी रस्त्यातच बसली. साहेबांनी खांद्यावर घालून आणली."

"मावशींना कळलं तर?"

"त्या दुवा देतेत रे! म्हणतेत, कोरोनात बी माणुसकी हाय, शेजारी आपणहून शेळी चारून आणतेत."

शेळीचं दूध आटलं म्हणून मावशींनी आदल्याच दिवशी मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढली होती. त्यांनी वळून पदर खाली केला.

"आरं देवा! मावशी, तुमी?"

"मीच. उद्यापासून शेळी घरी बसंल. तुमी विळा घेऊन जावा आन डोक्यावर चारा आणा. पोलीस बी सोडतेत, साखर बी उतरती."

"आन बँकेचे साहेब?"

"त्यांना म्हशीला पुरंल एवढा भारा. पळत आणू दे."