वजनाचं अ‍ॅप आणि मिरचीचा काटा

अगं, त्या अ‍ॅपवाल्याची गंमत तुला सांगायचीच राहिली. फोटो काढला की बाळाचं वजन सांगणारं ते अ‍ॅप आमच्या कोरीट गावातल्या बऱ्याच बायांनी घेतलं होतं. एका अपडेटनंतर माझी परी म्हशीच्या पारडाएवढी भरली. तेव्हा आम्ही हसलो. पुढच्या अपडेटनंतर तिचं वजन निम्म्यावर आलं आणि वर लाल अक्षरात लिहिलेलं, 'बाळाला धोका'. मी परीला उचललं. तशीच रिक्षा धरून नंदुरबारला गेले. दवाखाना बंद होता, म्हणून मिरचीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर तिला ठेवलं. पोरगी शिंकून शिंकून लाल झाली, पण वजन बरोबर भरलं.

परवा कंपनीचा माणूस गावात आला. बाळांना टोप्या वाटून म्हणाला, "ताई, नवीन अपडेटमध्ये सगळं दुरुस्त केलंय. पुन्हा एकदा विश्वास ठेवा."

सासूबाईंनी टोपी ठेवून घेतली आणि विचारलं, "भाऊ, तुन्हा पोरनं वजन बी यामाच देखस का?"

तो म्हणाला, "नाही आजी, आमचा डॉक्टर ठरलेला आहे."

"मंग त्या डाक्टरना नंबर दे. अपडेट ऱ्हाऊ दे."