शंभर टक्के चोऱ्या

परदेशात संख्याशास्त्र शिकून परत येताना मला वाटलं होतं, आपल्याकडे लोक आकड्यांना बिचकत असतील, त्यांना जरा धीर द्यावा लागेल. कसलं काय. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत आकड्यांना कुणी बिचकत नाही, हवे तसे वापरतात.

सेक्रेटरी कुलकर्णीकाकांनी मला बोलावलं. "तू डेटाचं शिकून आलीस ना? नोटीस बोर्डासाठी एक आलेख करून दे. ती सखूबाई गेटपाशी भाजी घेऊन बसायला लागल्यापासून चोऱ्या शंभर टक्के वाढल्यात. तिला उठवायचंय."

"आधी किती होत्या?"

"एक."

"आणि आता?"

"दोन. दुप्पटच झाल्या की."

दुसरी चोरी काकांच्या चपलांची होती.

"काका, पण सखूबाईंमुळेच झाली हे कशावरून?"

"अगं, ग्रुपवर सगळ्यांना पटलंय. तू फक्त आलेखातला खांब लाल कर. उठून दिसला पाहिजे."

एका बाईच्या पोटावर पाय द्यायला आमच्या शिकलेल्या लोकांना एवढा पुरावा पुरतो.

गेटवर सखूबाई मेथी निवडत होत्या. मी काकांचं म्हणणं सांगितलं, तशा म्हणाल्या, "ताई, साहेब सेक्रेटरी झाले त्याच महिन्यात मी सटाण्याहून आले. तवा त्यांनीच ही जागा दिली. आता मी काय चोरलं, ते तरी सांगा म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आलेख काकांना हवा तसाच करायचा. तोच लाल खांब, तेच शंभर टक्के. फक्त वर शीर्षक द्यायचं: 'कुलकर्णीकाका सेक्रेटरी झाल्यापासून वाढलेल्या चोऱ्या'.