देठ नसलेलं पान

सरकारी बागेत माळ्याच्या दोन कायम जागा निघाल्या होत्या आणि तोंडी परीक्षेत झाडापानांचे शास्त्रीय शब्द विचारत होते. बाहेर बाकावर पाळीची वाट बघत बसलेल्या, रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाईला घोकलेला एकही शब्द भीतीने आठवेना. शेजारी एक माळी बायकोपुढे उजळणी करत होता, ती बाई कान देऊन ऐकू लागली.

“लोमश पान?”

“अंगभर लव. तुझे मामा.”

“दंतुर?”

“कडेला दातच दात. तुझी आत्या.”

“माझंच माहेर सापडलं का हो? बरं, अवृंत?”

“देठबीठ नाही, थेट फांदीला चिकटलेलं. तुझा भाऊ. आठ दिवसांसाठी आला, त्याला तीन वर्षं झाली.”

“आत असं बोललात तर गेली नोकरी!”

“नाही गं बोलत.”

“आणि प्रतान?”

“वेलीचा पकडणारा तंतू. तो तू. एकदा धरलंस की सोडत नाहीस.”

“मग ताठ उभे राहा. आधार तुम्ही आहात.”

माळी आत गेला आणि जीभ चावतच बाहेर आला. मग बाईची पाळी आली.

“अवृंत पान म्हणजे?” परीक्षकांनी विचारलं.

“बायकोचा भाऊ,” बाईच्या तोंडून निघून गेलं.

परीक्षकांनी बरोबरची खूण केली.

“तुमच्याकडेही राहतो का तो?” बाईने विचारलं.